जुन्या सरकारी कचेरीचा इतिहास कसा शोधावा : पुण्याच्या पेशवे दफ्तराच्या निमित्ताने

इंग्रजी अमदानीतील एखाद्या कचेरीचा इतिहास शोधायचा असेल, तर दगडी कमानी न्याहाळण्यापूर्वी त्या कचेरीत कोणते कागद ठेवले जात आणि ते सरकारला कशासाठी हवे होते, हे विचारावे. कौन्सिल हॉलजवळची पुणे पुराभिलेखागाराची इमारत, जिला पुणेकर पेशवे दफ्तर म्हणूनच ओळखतात, हे त्याचे उत्तम उदाहरण होय.

पहिले काम जुने नाव हुडकण्याचे. ‘पुराभिलेखागार’ हे नाव घेऊन एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी कागद चाळल्यास काहीच हाती लागत नाही. तेथे ‘एलिएनेशन ऑफिस’ शोधावे लागते. ज्या जमिनीच्या महसुलावरचा हक्क सरकारने सोडून दिला, ती एलिएनेटेड, म्हणजे आपली इनाम जमीन. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली व दफ्तर इंग्रजांच्या ताब्यात गेले. पुढे १८५२ च्या कायद्याने अधिकार मिळालेल्या इनाम कमिशनने इनामदारांचे दावे तपासायला घेतले, तेव्हा कोणती सनद खरी आणि कोणती बनावट, हे ठरवण्यासाठी याच दफ्तरातील मोडी रुमालांचा, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांचा, आधार घ्यावा लागला. रुमाल जपले गेले ते महसुलाच्या हिशेबापोटी. इतिहासप्रेमाचा त्यात फारसा वाटा नव्हता. ‘ब्रिटिशांची दूरदृष्टी’ असा शब्दप्रयोग कोणी केला, तर हे ध्यानात ठेवून तो वाचावा.

नंतर तारखा ताडून पाहाव्यात. पुणे जिल्ह्याचे गॅझेटियर, म्हणजे मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा अठरावा खंड, १८८५ मध्ये तीन भागांत निघाले आणि ही इमारत १८९१ मध्ये उभी राहिली. तेव्हा त्यात इमारतीचे वर्णन शोधणे व्यर्थ आहे. त्यासाठी सार्वजनिक बांधकाम खात्याचे त्या वर्षांचे वार्षिक अहवाल पाहावेत. नगर भूमापन कार्यालयातील मिळकत पत्रिका मालकी सांगते, वय सांगत नाही. या दोहोंची गल्लत नेहमी होते.

इमारत बांधून झाली, तरी तिचा इतिहास तेथे थांबत नाही. अनेक वर्षे अभ्यासकांना हे दफ्तर जवळजवळ बंदच होते. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी संपादित केलेले निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात प्रसिद्ध झाले, आणि मगच दफ्तरातील ऐवजाचा अंदाज बाहेरच्यांना आला. दफ्तर कोणासाठी आणि केव्हा उघडले, हे इमारतीच्या टिपणात बांधकामाच्या वर्षाइतक्याच ठळकपणे यायला हवे.

इंग्रज अभियंत्यांचा पत्रव्यवहार इंग्रजीत असल्याने केवळ वास्तूपुरते पाहणाऱ्यास मोडीवाचून अडत नाही. रुमाल उघडायचे असतील, तर मात्र मोडी शिकूनच जावे. कोणताही कागद पाहताना रुमालाचा क्रमांक तेथल्या तेथे उतरवून घ्यावा, कारण घरी परतल्यावर तो हमखास आठवत नाही.