दोन मोटरींचं भांडण

जुन्या ट्रामवर काम करायला येणाऱ्या प्रत्येकाला आधी रंग लावायचा असतो. मलाही लावायचा होता. रंग सगळ्यात शेवटी. तोवर कुजलेलं लाकूड खरवडायचं, गंजलेले बोल्ट सोडवायचे आणि सगळ्यांसाठी चहा करायचा. पहिलं वर्ष असंच जातं, कुढू नका.

मी मूळचा दादरचा. टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस हे लहानपणापासून ठाऊक होतं, पण मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली, त्यामुळे माझ्या वाट्याला फक्त नाव आलं. त्याच १९६४ साली इंग्लंडात क्रिचच्या जुन्या दगडखाणीत संग्रहालयाच्या विजेच्या ट्राम प्रवासी नेऊ लागल्या होत्या! मी मात्र सुट्टीच्या दिवशी इथल्या, इंग्लंडातल्याच, दुसऱ्या एका संग्रहालयात राबतो.

आता मी आपटलो ती जागा. चारचाकी ट्रामखाली दोन मोटरी असतात, प्रत्येक आसाला एक. दोन्ही एकाच साच्यातल्या, पण आगगाडीतल्या समोरासमोरच्या बाकांसारख्या उलटसुलट बसवलेल्या. म्हणजे गाडी पुढे जायची तर त्यांनी एकमेकींच्या उलट फिरायला हवं. म्हणून एकीच्या आर्मेचरच्या (मोटरीच्या आतल्या फिरत्या भागाच्या) ए आणि एए या दोन टोकांच्या वायरी मुद्दाम अदलून जोडलेल्या असतात. मला ती कुणाची तरी जुनी चूक वाटली. मी ती 'सुधारली'.

कंट्रोलरच्या, म्हणजे चालकाच्या वेगाच्या हँडलच्या, पहिल्या नॉचला (पायरीला) मोटरी सिरीजमध्ये, म्हणजे एकीमागून एक जोडलेल्या, असतात. ६०० व्होल्ट दिले, गाडी नुसती गुरगुरली. एक पुढे ओढतेय, दुसरी मागे, आणि सगळी वीज नुसती प्रवाह आवरणारे रेझिस्टन्स तापवतेय. धूळ करपल्याचा वास आला. ब्रेक अडकलाय असं समजून मी दुसरा नॉच देणार, तेवढ्यात वर्कशॉपमधल्या आजोबांनी माझा हात धरला. एक शब्द बोलले नाहीत. (गुरू शोधाल तर असा कमी बोलणारा शोधा. व्हिडिओ बघून शिकवणारे आमच्याकडेही पुष्कळ आहेत.)

तर, वायर सोडण्याआधी तिला नंबर ठोकलेली पत्र्याची पट्टी बांधा. खडू ओलाव्यात जातो, आणि फोटोत सगळ्या काळ्या वायरी सारख्याच दिसतात. जोडल्यावर आधी मेगर, म्हणजे वीज कुठे गळतेय का हे दाखवणारं यंत्र, लावून इन्सुलेशन तपासा. मग चाकं जॅकवर उचला, कंट्रोलरमधून एका मोटरीची वीज तोडा, दुसरी बॅटरीवर हळू फिरवा, आणि चाक फिरेल त्या दिशेचा बाण काढा. मग पहिलीचं तेच. दोन्ही बाण गाडीच्या एकाच टोकाकडे हवेत. दुसऱ्या टोकाच्या कंट्रोलरवरूनही हे सगळं पुन्हा करा. जॅकवर ६०० व्होल्ट चुकूनही देऊ नका: बिनभाराची असली मोटर वेग वाढवतच राहते आणि आर्मेचर फुटतं. माणूस मरू शकतो.

घाबरलात? माझ्या त्या घोटाळ्यात काहीही जळलं नाही. या मोटरी आपल्यापेक्षा सोशिक असतात.

आमची गाडी आता सरळ चालते, पण अजून रिकामी. ब्रेकच्या चाचण्या बाकी आहेत, येत्या रविवारी माणसांऐवजी वाळूची पोती बसवायची आहेत. रंगाचे डबे फळीवर बंदच आहेत.