एसी चालू तरी पाठ ओली? गाडीच्या तापलेल्या सीटचं काय करायचं

समोरून गार वारा, नाक गार, बोटं गार, आणि ऑफिसला उतरलो की शर्ट मागून पूर्ण भिजलेला, हे माझं कित्येक वर्षांचं दुखणं होतं. मला वाटायचं एसीचा गॅस कमी झालाय, दोनदा भरून पण आणला, पण दोष एसीचा नव्हताच. पाठ आणि सीट यांच्यात हवाच जात नाही तर घाम वाळणार कुठून? नागपूरवाले हसतात की ३४ डिग्रीला कसले उकडता, पण तिकडे घाम लगेच उडतो आणि उडताना अंगातली उष्णता घेऊन जातो, आपल्याकडे मुंबईत हवेतच एवढं पाणी की घाम नुसता ओघळत राहतो.

म्हणून पहिलं काम सीटचं. काळं रेक्झिनचं कव्हर असेल तर ते काढा, विषय संपला. मी पण हौसेने घातलं होतं, दुकानदार म्हणाला साहेब फडकं मारलं की साफ, आणि खरंच होतं ते, त्यात काही मुरतच नाही, घामसुद्धा मुरत नाही हे मे महिन्यात कळलं. फिक्या रंगाचं कापडी कव्हर घ्या, पण सीटच्या कडेला एअरबॅग असं छोटं लेबल असेल तर ती बाजू झाकणारं कव्हर अजिबात नको, एअरबॅग अडकते. नवीन कव्हरचा खर्च नको असेल तर सुती पंचा टाका आणि रोज धुवा. त्याहून भारी म्हणजे काळीपिवळीवाल्यांच्या सीटवर असतं ते लाकडी मण्यांचं कव्हर. दिसायला जुनाट, बायको म्हणाली टॅक्सी वाटते, पण मण्यांमुळे पाठीमागे फट राहते आणि तिथून हवा खेळते. पहिले दोन दिवस टोचतं, मग सवय होते. फक्त ते नीट बांधा, सरकत राहिलं तर ब्रेक मारताना त्रास.

ज्यांच्याकडे व्हेंटिलेटेड सीट आहे त्यांनी वर टॉवेल टाकू नका, सीटवरची हवेची बारीक भोकं बंद होतात. आणि त्या सीटमध्ये नुसता पंखा असतो, तो केबिनमधलीच हवा फिरवतो, त्यामुळे गाडी भट्टी झालेली असताना लगेच चालू करून काही होत नाही, आधी केबिन थंड होऊ द्या.

आता ती केबिन थंड कशी करायची, तर उन्हात उभ्या गाडीत बसून काचा बंद करून एसी फुल करणं हा सगळ्यात वाईट प्रकार. आतली हवा बाहेरच्यापेक्षा कितीतरी गरम असते. डावीकडची काच खाली करा आणि ड्रायव्हरचा दरवाजा पाच-सहा वेळा उघडझाप करा, लोक बघतात, बघू दे. मग चारही काचा उघड्या ठेवून, ब्लोअर मोठा करून एखाद-दोन मिनिटं गाडी चालवा, गरम हवा गेली की काचा बंद आणि रीसर्क्युलेशनचं, म्हणजे आतलीच हवा फिरवायचं बटण चालू. बसायच्या आधी बेल्टचं बक्कल बघा, चटका बसतो. लहान मुलाला पाच मिनिटं पण गाडीत ठेवून जाऊ नका, लायटर आणि स्प्रेचे डबे पण उन्हात गाडीत नकोत.

पार्किंगला झाड मिळालं तर नशीब, पण पर्जन्यवृक्षाखाली बोनेट चिकट होतं हे धरून चाला. झाड नसेल तर सूर्य बघा. मेच्या मध्यावर दुपारी साडेबाराच्या सुमारास मुंबईत सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, तेव्हा टप तापतो, पुढच्या काचेच्या सनशेडचा तेवढा उपयोग नाही. पण तीननंतर ऊन पश्चिमेकडून तिरपं आत येतं, म्हणून दुपारी गाडी लावताना तोंड पूर्वेला करा, पुढच्या सीट वाचतात. काळी फिल्म लावायच्या भानगडीत पडू नका, नियमाप्रमाणे पुढची-मागची काच किमान ७० टक्के आणि बाजूच्या ५० टक्के प्रकाश आत सोडणाऱ्या हव्यात, आणि नाक्यावर हवालदार पहिलं तेच बघतो. बाजूला जाळीचे पडदे लावतात त्यावर पण पावती फाटू शकते, ते गाडी उभी असतानाच वापरा.

आणखी एक गंमत, हे मला फार उशिरा कळलं. बोरिवलीहून वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेने सकाळी दक्षिणेला निघालो की पूर्व डावीकडे. संध्याकाळी परत उत्तरेला, तर पश्चिम पण डावीकडेच. म्हणजे उपनगरातून टाउनकडे, म्हणजे दक्षिण मुंबईकडे जा-ये करणाऱ्याच्या गाडीत दोन्ही वेळेला ऊन डावीकडच्या सीटवर, ड्रायव्हर सावलीत. मी इतकी वर्षं सांगत होतो की एवढं काही ऊन नाहीये आणि बायको ओढणी काचेला लावून बसलेली. ती आता माझ्या मागे उजवीकडे बसते, मण्यांचं दुसरं कव्हर पण तिथे टाकलंय, आणि सिग्नलला एकाने मला विचारलं, अंधेरी चलोगे क्या.