पालवी नव्हे, मूळ बघा: पुदिन्याच्या काडीपासून आंब्याच्या कलमापर्यंत

काडी खोचली, आठ-दहा दिवसांत पालवी फुटली, म्हणजे रोप लागलं असं समजून बरेच जण ती लगेच मोठ्या कुंडीत हलवतात आणि पंधरवड्यात ती वाळते. पहिली पालवी काडीत आधीच साठलेल्या अन्नावर फुटते, खाली मूळ असेलच असं नाही. डाळिंब आणि अंजीर यात हमखास फसवतात. रोपाच्या पिशवीच्या भोकातून पांढरं मूळ डोकावेपर्यंत काडी हलवू नका आणि 'बघू तरी' म्हणून उपटून तर मुळीच पाहू नका. नव्या मुळांची टोकं तेवढ्यानेही तुटतात.

हात बसवायला पुदिना बरा. बाजारच्या जुडीतल्या जाड, ताठ दांड्या निवडा, 10 ते 12 सेंमी ठेवा आणि पेराच्या लगेच खाली कापा. मुळं पेरापाशी लवकर फुटतात. खालच्या निम्म्या भागाची पानं काढून दोन पेरं पाण्यात बुडवा, पाणी एक दिवसाआड बदला. आठ-दहा दिवसांत मुळं येतात. ती 2-3 सेंमी झाली की मातीत लावा. पाण्यात महिनाभर वाढलेली मुळं मातीत रुळायला कुरकुर करतात. पानओवा थेट मातीत खोचला तरी लागतो. तुळशीचा मंजिरी न आलेला शेंडा घ्या. गवती चहाचा ठोंब मुळांसकट फोडून, पाती वीतभर ठेवून लावा. कोथिंबिरीला काडीचा मार्ग नाहीच. धणे हलके रगडून दोन फाकी करा आणि पेरा.

कढीपत्त्याच्या काड्यांमागे लागण्यात अर्थ नाही, फार थोड्या लागतात. पिकून काळी झालेली फळं मिळवा, गर धुऊन त्याच आठवड्यात बी पेरा. वाळवून डबीत ठेवलेलं बी उगवत नाही. जुन्या झाडाच्या मुळांवरून फुटवे येतात, त्यातला एखादा पावसाळ्यात थोड्या मुळासकट खणून काढला तर सगळ्यात सोपं. कागदी लिंबूही बियांपासून बहुतेक मूळ झाडासारखंच येतं, पण फळासाठी चार-पाच वर्षं थांबावं लागतं.

अंजीर, डाळिंबाच्या काड्या मागच्या वर्षीच्या पक्व फांदीच्या, पेन्सिलीएवढ्या जाड आणि 20 ते 25 सेंमी लांब हव्यात. खालचा काप डोळ्याखाली (डोळा म्हणजे फांदीवरचा कोंब) सरळ, वरचा तिरका घ्या, म्हणजे काडी उलटी खोचली जात नाही. हसू नका, उलट्या काड्या पुष्कळ खोचल्या जातात. दोन तृतीयांश काडी आत जाऊ द्या. पिशवीत निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), निम्मी जाड वाळू भरा. शेणखत, गांडूळखत आत्ता नको. मूळ नसलेल्या काडीला खत घेता येत नाही, उलट बुरशीचं फावतं. काडीचा तळ काळा, मऊ पडला तर पाणी जास्त झालं. तळ हिरवा राहून शेंडा सुकला तर हवा कोरडी होती, पारदर्शक पिशवी झाका. मात्र झाकलेली कुंडी उन्हात ठेवलीत तर काडी आतल्या आत शिजते. मुळं फुटण्याच्या पावडरीत (आयबीए) तळ बुडवून जादा पावडर झटका. मध लावल्याने मूळ फुटत नाही, आणि दालचिनी फार तर बुरशीला थोडा आळा घालेल.

पेरू, लिंबू, डाळिंबासाठी घरी सगळ्यात भरवशाची पद्धत म्हणजे गुटी कलम, म्हणजे झाडावरच्या फांदीलाच मूळ फोडून मग ती तोडणं. मूळ फुटेपर्यंत फांदी झाडावरच असते, तिला पाणी मिळत राहतं. जून ते ऑगस्ट हा काळ धरा. वर्षभराची, पेन्सिलीएवढी फांदी निवडून डोळ्याच्या लगेच खाली 2.5 सेंमी रुंदीची साल गोल काढा. आता खरी मेख. साल निघाल्यावर लाकडावर बुळबुळीत थर राहतो, तो चाकूच्या पाठीने पूर्ण खरवडा. राहिला तर सालीचे दोन्ही काठ पुन्हा जुळतात, जखम भरते आणि मूळ येत नाही. पानांत तयार झालेलं अन्न सालीतून खाली उतरतं आणि वरच्या काठापाशी अडतं. मुळंही तिथूनच फुटतात, म्हणून पावडर वरच्या काठालाच लावा. मॉस (वाळवलेलं शेवाळ) भिजवून, थेंब गळायचे थांबेपर्यंत पिळा, मूठभर गोळा साल काढलेल्या जागेभोवती गुंडाळा, वरून पारदर्शक प्लास्टिक लावून दोन्ही टोकं सुतळीने घट्ट आवळा. वरची गाठ सैल राहिली की पावसाचं पाणी आत शिरतं आणि सगळं सडतं.

दीड ते दोन महिन्यांत प्लास्टिकमधून मुळं दिसतात. पांढरी असताना घाई नको, तपकिरी होऊ द्या. मग गुटीच्या खाली निम्मा काप घ्या, आठवड्याने पूर्ण तोडा. निम्मी पानं छाटा, प्लास्टिक सोडा, मॉस तसाच ठेवून कुंडीत लावा आणि दोन-तीन आठवडे सावलीत ठेवा.

हापूसच्या कोयीपासून हापूसच येईल याचा भरवसा नसतो, म्हणून आंब्याला कोय कलम. रायवळच्या (गावठी आंब्याच्या) ताज्या कोया पावसाच्या तोंडाशी रुजत घाला. दहा-पंधरा दिवसांचं, अजून तांबूस असलेलं रोप खुंट, म्हणजे ज्यावर कलम बांधायचं ते रोप, म्हणून घ्या. त्याच जाडीची, तीन-चार महिन्यांची, टपोऱ्या डोळ्याची 10 ते 15 सेंमी हापूसची काडी हवी. तिची पानं आठ-दहा दिवस आधी, देठ राखून, झाडावरच कापून ठेवा, म्हणजे डोळा फुगतो. खुंटाला मधोमध 3-4 सेंमीची चीर द्या, काडीला तेवढीच पाचर करा, बसवा आणि प्लास्टिकच्या पट्टीने खालून वर घट्ट बांधा. जाडी कमी-जास्त असेल तर निदान एका बाजूची साल सालीला भिडलीच पाहिजे. पाचर एकदाच कापायची, पाते नवं हवं, आणि कापल्यावर बोट लावायचं नाही. जोडाखाली खुंटावर जे फुटवे येतील ते दिसताक्षणी खुडा, नाहीतर रायवळच जोर धरतो आणि हापूसची काडी वाळते.