गाडी कुठे तापली, हे आधी विचारा

आयटीआयला मोटर मेकॅनिकची दोन वर्षं काढून मी वाईच्या एका गॅरेजात लागलो, तो मे महिना होता. सगळा महाराष्ट्र महाबळेश्वरला निघालेला. पुण्याकडून येणारी गाडी आधी खंबाटकी चढते आणि वाई सोडली की लगेच पसरणी घाट लागतो. वर ऊन, आत सहा माणसं, टपावर बॅगा, एसी चालू. आमच्या दारात बॉनेट उघडून उभी असलेली एखादी तरी गाडी नाही, असा दिवस त्या महिन्यात क्वचितच गेला. तापलेलं इंजिन मी तिथे शिकलो. नव्याने या कामात येणाऱ्या मुलांसाठी हे लिहितोय.

पहिल्याच आठवड्यात वाफा निघणाऱ्या गाडीच्या रेडिएटरचं झाकण उघडायला मी फडकं घेऊन पुढे झालो. आमच्या मिस्त्रींनी, त्यांना सगळे मामा म्हणायचे, माझं मनगट धरून मागे ओढलं. "आत दाब आहे म्हणून ते पाणी अजून उकळलं नाही. झाकण काढलंस की तुझ्या तोंडावर उकळेल." पुस्तकात मी हे वाचलं होतं, पण कळलं त्या दिवशी. रेडिएटरचं झाकण साधारण ०.९ ते १.१ बारचा दाब धरून ठेवतं, त्यामुळे आतलं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, १२० अंशांच्या आसपास गेलं तरी उकळत नाही. दाब सुटला की सगळं एकदम उसळतं. म्हणून इंजिन बंद करून अर्धा-पाऊण तास थांबायचं. मग रेडिएटरचा वरचा होज पाईप, म्हणजे रबरी नळी, दाबून बघायचा. कडक लागला तर अजून थांबायचं. आणि तापलेल्या इंजिनवर किंवा आत गार पाणी ओतायचं नाही, हेडला, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाला, तडा जातो. गिऱ्हाईक कितीही घाई करो, यात तडजोड नाही.

तो अर्धा तास वाया जात नाही. मामा तेवढ्या वेळात गिऱ्हाइकाशी बोलत बसायचे आणि पहिला प्रश्न ठरलेला असायचा: "साहेब, तापली कुठे? उभी असताना की चढावर?"

निम्मं निदान या उत्तरात असतं. ट्रॅफिकमध्ये उभी असताना तापते आणि पळायला लागली की तापमानाचा काटा खाली येतो, तर पंख्याकडे बघा. पळत्या गाडीला वारा आपोआप मिळतो, उभ्या गाडीला तो पंख्यानेच द्यावा लागतो. बहुतेक गाड्यांत एसी लावला की पंखा फिरतो. एसीवर फिरतो पण तापल्यावर फिरत नाही, तर मोटर चांगली आहे. सेन्सर, रिले किंवा वायरिंग तपासा. याउलट, उभी असताना ठीक पण घाटात किंवा हायवेला तापते, तर वारा आहे, पाणी फिरत नाही. रेडिएटर, थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह), वॉटर पंप, त्याचा पट्टा यांपैकी काहीतरी. दोन्हीकडे तापत असेल तर आधी पाणी कमी आहे का आणि कुठून जातंय ते शोधायचं.

डॅशबोर्डवरच्या काट्यावर फार विसंबू नका. पाणी पार संपलं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खालीही येऊ शकतो. गाडी गार झाली असं समजून माणूस पुढे चालवतो आणि इंजिन घालवून बसतो. गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावून खरा आकडा बघा.

माझ्या मनात राहिलेली गाडी म्हणजे एका शिक्षकांची डिझेल हॅचबॅक. सपाटीला काही नाही, पसरणीच्या तिसऱ्या-चौथ्या वळणावर तापायची. दोन ठिकाणी दाखवून झाली होती. एकाने थर्मोस्टॅट काढून टाकला होता, दुसऱ्याने पंखा डायरेक्ट केला होता, म्हणजे सेन्सरशिवाय कायम फिरेल असा जोडला होता. हे दोन्ही उपाय अजूनही सर्रास होतात आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. थर्मोस्टॅट ८२ ते ८८ अंशांच्या आसपास उघडतो आणि बऱ्याच इंजिनांत तो उघडताना बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी, वाट बंद करतो. तो काढला की बायपास कायम उघडा राहतो आणि काही पाणी रेडिएटरला न जाता तसंच इंजिनात परत फिरतं. म्हणजे चढावर गाडी जास्तच तापते. सपाटीला मात्र इंजिन नीट तापत नाही, डिझेल जास्त पितं.

मामांनी चालू गाडीच्या रेडिएटरवर टेंपरेचर गन, म्हणजे लांबूनच तापमान दाखवणारं यंत्र, फिरवायला दिली. वरच्या बाजूला ९० च्या पुढे, मधे ८० च्या आसपास आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात एकदम ५०. त्या भागात पाणी पोचतच नव्हतं. गाडी गार झाल्यावर झाकण काढून मी बोट आत घातलं तर नखाखाली पांढरी, खरखरीत पापडी आली. सरांना विचारलं, पाणी कुठलं घालता? "घरच्या बोअरचं. वर्षानुवर्षं तेच." जाड क्षार बसून नळ्या भरून गेल्या होत्या. बाहेरून जाळी चकचकीत होती, म्हणून कुणाला शंका आली नव्हती.

रेडिएटर बदलला, इंजिन साध्या पाण्याने तीनदा धुतलं, नवा थर्मोस्टॅट घातला, पंख्याची वायरिंग मूळ जागी आणली आणि कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं-निम्मं करून भरलं. भरणं हेही शिकण्याचं काम आहे. हीटर पूर्ण गरमवर ठेवायचा, हवा काढायचा स्क्रू असेल तर तो ढिला करायचा, होज दाबत दाबत भरायचं, पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवायचं. आत हवा राहिली तर नवे पार्ट घालूनही गाडी तापते. जुनं कूलंट मात्र गटारात सोडू नका. ते गोड असतं, कुत्री चाटतात आणि मरतात.

थांबवायला उशीर झाला की प्रकरण हेडपर्यंत जातं. गार इंजिन चालू केल्यावर मिनिटभरात होज कडक होत असेल, पाण्यात सतत बुडबुडे येत असतील, ऑइलमध्ये पाणी मिसळून त्याचा दुधाळ चहा झाला असेल, सायलेन्सरमधून पांढरा धूर येऊन पाणी कमी होत असेल, तर हेडखालचं गॅस्केट (सांधा बंद ठेवणारी पट्टी) गेलं समजा. खात्रीसाठी ब्लॉक टेस्टर आहे. त्यातलं निळं द्रव पिवळं झालं तर जळालेला गॅस पाण्यात येतोय. नुसतं गॅस्केट बदलून गाडी देऊ नका. ॲल्युमिनियमचं हेड वाकतं. सरळ पट्टी ठेवून खालची फट फिलर गेजच्या पातळ पात्यांनी मोजा, मर्यादा ०.०५ किंवा ०.१० मिलिमीटर इतकी बारीक असते, त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. बोल्ट कंपनीने दिलेल्या क्रमानेच, टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना) लावून. हे काम मी मामांच्या शेजारी उभं राहून वर्षभर नुसतं बघितलं, मग हात लावला. तुम्हालाही घाई करू नका असंच सांगेन. पहिल्या पगारातून टेंपरेचर गन आणि साधा स्कॅनर घ्या, आणि प्रत्येक गाडीचे आकडे वहीत लिहा.

सरांची गाडी मी स्वतः पसरणीवर नेली, एसी लावून. तिसऱ्या वळणावर स्कॅनरवर ९४. वर जाता जाता ९८ झाले, पंखा लागला, पुन्हा ९३. पाचगणीला दहा मिनिटं इंजिन चालूच ठेवलं आणि खाली आलो. मामा म्हणाले, "आज द्यायची नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनवर कूलंटचा डबा बघितला. कूलंट खुणेवर होतं. मग सरांना फोन केला.