टोळकं घेऊन इमॅजिकाला निघालात? या चुका टाळा

खोपोलीजवळच्या इमॅजिका या थीम पार्कात दिवस फुकट जातो तो बहुतेक वेळा क्रम चुकल्यामुळे. 'आधी पोटोबा' म्हणत एक्स्प्रेसवेच्या फूडमॉलवर भरपेट हाणायचं, पार्कात शिरल्या शिरल्या फोटोसेशन करायचं आणि ऊन चढलं की नायट्रो या मोठ्या रोलर कोस्टरच्या रांगेत जाऊन उभं राहायचं. निम्मे ग्रुप हेच करतात.

उलटं करा. गेट उघडायच्या आधी पोचा आणि आत शिरताच नायट्रो गाठा. साधारण 40 मीटर उंच, ताशी 105 किलोमीटर वेग आणि पाच वेळा डोकं खाली-पाय वर. त्यात पायाखाली फरशीच नाही, पाय लोंबकळत असतात. म्हणून सैल चपला, गॉगल, खिशातला मोबाइल हे सगळं आधीच काढून ठेवायचं. व्हिडिओच्या नादात लपवून नेलेला फोन हातून सुटला, तर तो खालच्या कुणाच्या तरी डोक्यात बसू शकतो. एका ओळीत चारच सीट असतात, त्यामुळे सहाजण असाल तर 'सगळे एकत्रच बसू' हा हट्ट सोडा. पहिल्या ओळीत समोरचं सगळं दिसतं. शेवटच्या ओळीला पुढचे डबे उतारावरून खेचून नेतात, म्हणून पोटातला गोळा तिथे मोठा येतो. पहिल्यांदाच बसणाऱ्याला मागे ढकलू नका. बसल्यावर डोकं मागे टेकवून नजर समोर ठेवा. खाली वाकून पायांकडे बघत राहिलं की वळणावर मान आखडते.

पोट रिकामंही नको. उपाशी बसलं तरी मळमळतं, तुडुंब जेवलं तर विचारूच नका. सकाळी इडली किंवा केळं पुरे, आणि घोट घोट पाणी. घाटात ज्याला गाडी लागते, त्याने गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून निघायच्या आधी घ्यावी. उलटी सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नाही. गंमत म्हणजे अशा लोकांना कोस्टरपेक्षा पडद्यासमोर हलणाऱ्या खुर्च्यांची सिम्युलेटर राइड जास्त त्रास देते, कारण डोळे म्हणतात धावतोय आणि कानातला तोल सांभाळणारा भाग म्हणतो जागेवरच आहोत. गरगरायला लागलं तर डोळे मिटून घ्या, बाहेर आल्यावर सावलीत बसा आणि पुढची राइड खुशाल सोडा. तेवढ्यावरून मित्राची टर उडवणारा ग्रुप मला आवडत नाही.

राजासॉरस या पाण्यातल्या राइडमध्ये सकाळीच भिजणं ही आणखी एक हमखास चूक. मग ओली जीन्स मांड्यांना घासत दिवसभर फेंगडं चालावं लागतं. ती राइड दुपारच्या उन्हासाठी ठेवा, जोडीला कपड्यांचा एक सुका जोड.

पावसाळ्यात गेलात तर विजा कडाडल्या की उघड्यावरचे कोस्टर थांबवतात. पाऊस थांबायची वाट बघत तिथेच ताटकळण्यापेक्षा डीप स्पेस या छताखालच्या कोस्टरकडे वळा.

आणि कोस्टरची गाडी चढावर मध्येच थांबली तर? घाबरून अंगावरचा सुरक्षेचा बार हलवू नका, उतरायचा विचारही करू नका. पुढच्या टप्प्यात दुसरी गाडी असेल किंवा एखाद्या सेन्सरला शंका आली, तर यंत्रणा मागची गाडी आपोआप रोखते. साखळीवरून चढताना जो टक-टक आवाज येतो, तो बहुतेक कोस्टरमध्ये गाडी मागे घसरू न देणाऱ्या खिट्ट्यांचा असतो. कर्मचारी सांगतील तेव्हाच हलायचं.

परतीला गाडी कोण चालवणार हे सकाळीच ठरवा. मळमळीच्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते, त्यामुळे गोळी घेतलेल्याच्या हाती स्टिअरिंग देऊ नका. पुणेकरांनी तर हे पाळायलाच हवं, कारण दिवसभर उन्हात पायपीट करून झाल्यावर त्यांना अंधारात बोरघाट चढायचा असतो.