जुन्या किचन शटरना रंग लावण्याआधी

रंग उडाला म्हणून स्वयंपाकघरातलं सगळं फर्निचर उखडायची गरज नसते. पण रंगाचा डबा आणण्याआधी पेचकस घेऊन सिंकखाली बसा. शटरचा (कपाटाच्या दाराचा) खालचा कोपरा, तळाची फळी आणि पाइपाजवळची बाजू टोकाने दाबून बघा. टोक सहज आत गेलं किंवा कडा पावासारखी फुगलेली असली, तर त्या फळीवर रंग लावणं म्हणजे पैसे पाण्यात. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ (लाकडाचा भुसा-तंतू दाबून केलेल्या फळ्या) एकदा पाणी पिऊन फुगले की वाळल्यावरही मूळ जाडीवर येत नाहीत. तेवढा तुकडा बदला, आणि सिंकखाली डब्ल्यूपीसी (लाकूड-प्लास्टिकच्या मिश्रणाचा) किंवा पीव्हीसी बोर्डच घ्या. आपल्याकडच्या बऱ्याच ओट्यांखाली कडप्प्याचे कप्पे असतात; तिथे सांगाड्याची चिंता नाही, बदलायची ती फक्त शटर. मातीच्या बारीक रेघा दिसल्या तर आधी वाळवीचं औषध, मग बाकी सगळं.

शटर जुनाट दिसतात त्यात निम्मा दोष रंगाचा नसतो, ती वाकडी लटकत असतात. ऑटो हिंजला (आपोआप बंद होणाऱ्या बिजागरीला) बहुधा दोन स्क्रू दिसतात. पुढचा फिरवला की शटर डावी-उजवीकडे सरकतं, मागचा सैल केला की आत-बाहेर. वर-खाली करायचं असेल तर हिंज ज्या पट्टीने कपाटाच्या बाजूला बसवलाय, तिचे स्क्रू सैल करा. दोन शटरमध्ये साधारण 2 ते 3 मिमी फट राहिली पाहिजे.

स्क्रू नुसताच फिरत असेल तर भोक मोठं झालंय. त्यात फेविकॉल लावलेल्या माचिसच्या काड्या (गुल मोडून) घट्ट ठोका, एक दिवस वाळू द्या, वर आलेला भाग कापा आणि तोच स्क्रू पुन्हा बसवा. सुतार जास्त लांबीचा स्क्रू मारून मोकळे होतात. 18 मिमीच्या फळीतून तो पलीकडे निघतो. हिंज बदलायचाच असेल तर जुना सोबत न्या. शटरमध्ये बसणाऱ्या त्याच्या वाटीचा व्यास बहुतेक 35 मिमी असतो, पण क्रँक (हिंजच्या दांडीचा बाक) 0, 8 की 16, हे चुकलं तर शटर बंदच होत नाही. ट्रॉली अडखळत असेल तर आधी चॅनल (ती सरकते ती पट्टी) पुसून आतल्या बेअरिंगच्या गोळ्या तपासा. गोळ्या गळल्या असतील तर तेवढ्याच लांबीची नवी जोडी घ्या.

हँडल बदलताना भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मोजा. 96, 128 आणि 160 मिमी ही मापं सहज मिळतात. जुन्या भोकांतच बसणारं हँडल घेतलं की एम-सील भरून घासायचं काम वाचतं.

आता रंग. दसरा-दिवाळीआधीची कोरडी हवा चांगली. भर पावसाळ्यात इनॅमल दिवसेंदिवस चिकट राहतो. शटर काढा, प्रत्येकाला चिकटपट्टीवर नंबर द्या, हिंज उतरवा. एक लिटर गरम पाण्यात दोन चमचे धुण्याचा सोडा घालून हातमोजे घालून घासा, मग साध्या पाण्याने दोनदा पुसा. रंग सोलून निघण्याचं पहिलं कारण हेच, फोडणीचा राहिलेला ओशटपणा. वाळल्यावर 180 नंबरच्या पॉलिश पेपरने सनमायक्याची चमक पूर्ण मारा आणि धूळ पुसा.

दुकानात फक्त ‘प्रायमर’ मागू नका. साधा लाकडाचा प्रायमर सनमायक्यावर नखाने निघतो; सनमायका, टाइल्ससारख्या गुळगुळीत पृष्ठभागावर धरणारा मागा. तो एका शटरच्या मागे लावा, दोन दिवसांनी चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढा. प्रायमर निघाला तर पुन्हा घासा.

दहा शटर, प्रत्येकी साधारण 24 बाय 18 इंच, दोन्ही बाजू धरून 60 चौरस फूट होतात. अर्धा लिटर प्रायमर आणि दोन हातांसाठी एक लिटर रंग पुरतो. चार इंची फोमचा रोलर वापरा, शटर आडवी ठेवा, हात पातळ द्या. जाड हात वरून वाळतो, आतून मऊ राहतो. दोन हातांमध्ये रात्र जाऊ द्या आणि 320 नंबरने हलकेच घासा. ऑइल इनॅमलचा पांढरा हळूहळू पिवळा पडतो. क्रीम किंवा राखाडी घ्या, नाहीतर पाण्यात मिसळणारा पीयू (पॉलियुरेथेन) रंग. थिनर वापरताना गॅसचा रेग्युलेटर बंद आणि खिडक्या उघड्या.

चिकटवायचा विनाइल कागद माळ्याच्या शटरपुरताच ठेवा. शेगडीजवळ वाफेने त्याचे कोपरे सुटतात.

रंग हाताला कोरडा लागला तरी पूर्ण कडक व्हायला आठवडा लागतो. तोवर शटर ओल्या फडक्याने पुसू नका, आणि कोपऱ्यांना पारदर्शक रबरी बटणं लावा, नाहीतर शटर चौकटीला चिकटून रंगाचा पापुद्रा घेऊन निघतील.