स्लीप ॲप्निया आणि निद्रानाश एकत्र असतील तर कसं ओळखायचं आणि सुरुवात कुठून करायची

स्लीप ॲप्निया म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडणं. ॲप्नियाचा रुग्ण म्हणजे पाठ टेकताच घोरायला लागणारा आणि निद्रानाशाचा रुग्ण म्हणजे रात्रभर कूस बदलणारा, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात हे दोघे बऱ्याचदा एकच असतात. ॲप्नियाच्या साधारण ३० ते ५० टक्के रुग्णांना निद्रानाशाचीही लक्षणं असतात. निद्रानाशाची तक्रार घेऊन आलेल्यांची स्लीप स्टडी केली, तर ३० ते ४० टक्क्यांमध्ये ॲप्निया निघतो. आकड्यांत एवढी तफावत येते ती व्याख्येमुळे: श्वासाचे तासाला ५ अडथळे धरायचे की १५, आणि नुसतं लक्षण मोजायचं की आठवड्यातून किमान ३ रात्री, ३ महिने टिकलेला आजार.

पहिला धागा म्हणजे जाग कधी येते. श्वासाचे अडथळे स्वप्नांच्या झोपेत वाढतात, कारण तेव्हा घशाचे स्नायू सर्वांत सैल पडतात, आणि ही झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते. म्हणून पहाटे तीन-चारला दचकून जाग, कोरडं तोंड, धडधड, लघवीला दोनदा-तीनदा उठणं आणि सकाळी जड डोकं हे सगळं एकत्र असेल, तर केवळ 'टेन्शन' म्हणून सोडून देऊ नका. बायकांमध्ये ॲप्निया अनेकदा घोरण्याऐवजी थकवा आणि झोपमोड या रूपातच दिसतो, म्हणून तो हमखास निसटतो. याउलट सुरुवातीलाच तासन्‌तास डोळा लागत नसेल, तर निद्रानाशाचं पारडं जड. ही तक्रार नुसत्या सीपॅपनं, म्हणजे मास्कमधून दाबानं हवा देऊन घसा उघडा ठेवणाऱ्या मशीननं, सहसा जात नाही. मध्यरात्रीची झोपमोड मात्र बऱ्याच जणांची कमी होते.

डॉक्टरांकडे जाण्याआधी दोन आठवडे वही ठेवा: अंथरुणात कधी गेलात, अंदाजे कधी झोप लागली, किती वेळा आणि किती वेळ जागे होतात, कधी उठलात. रात्री घड्याळ बघत बसू नका, सकाळी अंदाजानं लिहा. सोबत दोन प्रश्नावल्या भरा. स्टॉप-बँगमध्ये आठ प्रश्न आहेत (घोरणं, थकवा, श्वास थांबलेला कुणी पाहिला का, रक्तदाब, वजन, वय, मानेचा घेर, लिंग). ३ किंवा जास्त 'हो' आले तर तपासणी करून घ्यावी. निद्रानाश तीव्रता निर्देशांक २८ पैकी असतो. १५ किंवा जास्त आला तर उपचार हवेतच.

तपासणीत एक खोच आहे. घरी करायच्या बहुतेक स्लीप टेस्टमध्ये मेंदूच्या लहरी नोंदल्या जात नाहीत. त्यामुळे अडथळ्यांना झोपेच्या तासांनी नव्हे, तर नोंदणीच्या तासांनी भागलं जातं. समजा ७ तास नोंदणी झाली, पण झोप साडेचारच तास लागली आणि अडथळे ८१ आले. घरच्या अहवालात तासाला साधारण ११.६, म्हणजे सौम्य. खरा आकडा १८, म्हणजे मध्यम. ज्याला झोपच कमी लागते, त्याचाच ॲप्निया कमी दिसतो! अहवाल 'नॉर्मल' आला तरी शंका राहत असेल, तर लॅबमध्ये रात्रभराची पूर्ण तपासणी मागा.

उपचारांचा क्रम तीव्रतेवर ठरतो. ॲप्निया तीव्र असेल, म्हणजे तासाला ३० किंवा जास्त अडथळे, किंवा गाडी चालवताना पेंग येत असेल, तर आधी सीपॅप. बाकीच्यांनी निद्रानाशाचा वर्तनोपचार, म्हणजे सीबीटी-आय, आधी किंवा बरोबरीनं सुरू करावा. तो आधी दिल्यावर मशीनचा वापर रात्रीमागे सुमारे तासाभरानं वाढल्याचं एका चाचणीत दिसलं. इतर काही चाचण्यांत तसा फरक पडला नाही, तरी झोप सुधारली. आमच्या मते तेवढंही कारण पुरेसं आहे.

या उपचाराचा गाभा म्हणजे अंथरुणातला वेळ आवळणं. वहीप्रमाणे तुम्ही साडेआठ तास आडवे असता आणि सरासरी पावणेसहा तास झोपता, तर झोपेची कार्यक्षमता, म्हणजे आडव्या वेळेतला झोपेचा वाटा, ६८ टक्के. उठायची वेळ ६ पक्की करा आणि अंथरुणात सव्वाबारालाच जा. आठवड्याची सरासरी ८५ टक्क्यांच्या वर गेली की १५ मिनिटं वाढवा. अंथरुणातला वेळ पाच-साडेपाच तासांखाली नेऊ नका. पहिले दोन आठवडे दिवसा पेंग वाढते. ॲप्निया असलेल्याला ती जास्तच जाणवते, म्हणून या काळात लांबचं ड्रायव्हिंग टाळा. बायपोलर आजार किंवा फिट्स असतील, तर हे डॉक्टरांशिवाय करूच नये.

मास्कचं सर्वांत जास्त इथे बिघडतं: मास्क लावून दोन-दोन तास टक्क जागं पडून राहायचं. मग मेंदू मास्क आणि जागरण यांची गाठ बांधतो. त्यापेक्षा दिवसा टीव्ही बघताना १५ ते ३० मिनिटं मास्क लावून बसा, आधी हवेशिवाय, मग हवा चालू करून. रात्री वीसेक मिनिटांत झोप आली नाही, तर मास्क काढून खोलीबाहेर या; डोळे मिटू लागले की परत लावा. रॅम्प चालू ठेवा, म्हणजे दाब कमी पातळीवरून हळूहळू चढतो. सकाळी तोंड कोरडं पडलं तर तोंडातून हवा गळते आहे: ह्युमिडिफायर वाढवा किंवा पूर्ण चेहऱ्याचा मास्क घ्या. पट्टे करकचून आवळले की गळती उलट वाढते, कारण कडेची उशी दबून चपटी होते.

झोपेच्या गोळ्या स्वतःच्या मनानं नकोत. काही गोळ्या श्वास आणखी मंदावतात, आणि दारू घशाचे स्नायू सैल करते.

सहा-आठ आठवड्यांनी वही आणि मशीनचा डेटा शेजारी ठेवून बघा. मशीनवर अडथळे ५ च्या खाली, पण वहीत झोप तुटकच असेल, तर निद्रानाशावरचं काम अजून बाकी आहे. झोपेचे तास भरले आणि तरी दिवसा डोळे मिटत असतील, तर आधी गळती, दाब आणि मास्क खरोखर किती तास चेहऱ्यावर होता ते तपासा. हे ठीक निघालं, तर चालू औषधांची यादी घेऊन डॉक्टरांना भेटा.